निधी मागण्याआधी मायनरचा ताळेबंद

सिंचनाला सरकारी पैसा मिळत नाही, ही तक्रार आता अर्धीच खरी आहे. अपूर्ण धरण, कालव्याची दुरुस्ती, बंदिस्त नलिका, ठिबक, शेततळे, गाळ काढणे, प्रत्येक कामाला कुठली ना कुठली योजना आहे. पण यातला जवळपास सगळा पैसा पाणी वाढवायला नाहीतर गळती थांबवायला येतो. लाभक्षेत्रातल्या पिकांना मुळात किती पाणी लागते आणि ते कुणी ठरवायचे, यासाठी वेगळा लेखाशीर्ष नसतो. म्हणून कामे होतात, बिले निघतात आणि टेलचा, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाचा शेतकरी फेब्रुवारीत पुन्हा कोरडाच राहतो. शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्थेने प्रस्तावाची फाईल उघडण्याआधी आपल्या मायनरचा, म्हणजे कालव्याच्या छोट्या शाखेचा, पाण्याचा ताळेबंद मांडायला हवा, असे माझे ठाम मत आहे. तो कसा मांडायचा आणि मग कोणता पैसा कुठे मागायचा, ते पाहू.

हिशेबाला एक नमुना घेऊ. समजा मायनरवर रब्बीत २४० हेक्टर भिजवायचे आहे. ६० हेक्टर गहू, ९० हेक्टर हरभरा, ६० हेक्टर ज्वारी, ३० हेक्टर कांदा. मुळांपाशी लागणारे पाणी हेक्टरी गव्हाला ४,०००, हरभऱ्याला २,५००, ज्वारीला ३,००० आणि कांद्याला ५,५०० घनमीटर धरले, तर एकूण मागणी होते ८ लाख १० हजार घनमीटर. जमीन, वाण आणि पेरणीची तारीख यांनुसार हे आकडे बदलतात, म्हणून आपल्या भागाचे आकडे कृषी विद्यापीठाच्या शिफारशींतून घ्यावेत. मिलिमीटरचे घनमीटर करणे सोपे आहे. १ हेक्टरवर १ मिलिमीटर म्हणजे १० घनमीटर.

आता पुरवठा. मायनरच्या मुखाशी हंगामाचा कोटा ७ लाख घनमीटर आहे असे धरू. चारीतून शेतापर्यंत पोचते त्यातले ७५ टक्के, आणि शेतात दारे धरून दिलेल्या पाण्यातले मुळांना लागते ६५ टक्के. म्हणजे ७ लाखांतले पिकाच्या उपयोगी पडतात ३ लाख ४१ हजार. इथेच बहुतेक संस्थांचा हिशेब चुकतो. त्या मुखाशी मिळालेले पाणी थेट पिकाच्या गरजेशी लावून बघतात आणि ‘पाणी तर होते, मग गेले कुठे’ असा वाद पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याशी घालत बसतात.

विहिरींचे पाणीही मोजावे लागते. त्यासाठी यंत्र लागत नाही. २०० लिटरचे पिंप मोटारीखाली धरायचे आणि घड्याळ लावायचे. २५ सेकंदांत भरले तर मोटार सेकंदाला ८ लिटर म्हणजे तासाला २८.८ घनमीटर देते. अशा ६० विहिरी हंगामात प्रत्येकी साधारण २३० तास चालल्या तर उपसा ४ लाख घनमीटर होतो. शेतातली कार्यक्षमता ७० टक्के धरली तर उपयोगी २ लाख ८० हजार. हे मोजमाप हंगामात दोनदा करावे, कारण पाणीपातळी खाली गेली की तीच मोटार कमी पाणी उचलते.

कालवा आणि विहिरी मिळून ६ लाख २१ हजार. मागणीतून वजा केले की तूट उरते १ लाख ८९ हजार घनमीटर.

ही तूट कशी भरायची, यावर पहिला प्रस्ताव नेहमी एकच येतो: मायनरचे अस्तरीकरण, म्हणजे गळती थांबवायला आतून काँक्रीटचा थर. समजा त्यामुळे वहन कार्यक्षमता ७५ वरून ८५ टक्के झाली. मुखापासून शेतापर्यंत ७० हजार घनमीटर जास्त पोचेल आणि त्यातले साडेपंचेचाळीस हजार पिकाला लागेल. पण आधी जे ७० हजार जमिनीत मुरत होते, त्यातले निम्मे जरी कडेच्या विहिरींना जात असेल, तर विहिरींचा उपसा ३५ हजारांनी घटेल आणि उपयोगी पाण्यातून साडेचोवीस हजार वजा होतील. निव्वळ वाढ उरली २१ हजार. सर्वांत खर्चिक उपायातून तुटीचा नववा हिस्सा भरला. जिथे मुरलेले पाणी खारवट थरात जाते किंवा जमीन चोपण होते, तिथे अस्तरीकरणाचा फायदा कितीतरी जास्त असतो. म्हणजे अस्तरीकरण वाईट असे कुणी समजू नये. ते कुठे करायचे हे विहिरींच्या पाणीपातळीकडे बघून ठरवावे.

दुसरा उपाय ठिबक. ३० हेक्टर कांदा विहिरीवर आहे आणि तो ठिबकवर आणून शेतातली कार्यक्षमता ७० वरून ९० टक्के झाली, तर उपसा २ लाख ३६ हजारांवरून १ लाख ८३ हजारांवर येतो. वाचलेल्या पाण्यातून इतर पिकांना साधारण ३७ हजार घनमीटर मिळतात. तिसरा उपाय गव्हाचे ३० हेक्टर हरभऱ्याकडे वळवण्याचा. ४५ हजार वाचतात आणि सरकारकडे एक रुपयाही मागावा लागत नाही.

तिन्ही मिळून १ लाख ३ हजार. अजून ८६ हजारांची तूट आहे. ती भरायला हरभऱ्यापैकी ४५ हेक्टरांना पूर्ण पाण्याऐवजी घाटे भरण्याच्या वेळी ६० मिलिमीटरचे एकच संरक्षित पाणी द्यावे लागेल. हेक्टरी १,९०० घनमीटर त्यातून सुटतात. भारी जमिनीत, खरिपाची ओल टिकून असेल तिथे हे जमते. हलक्या मुरमाड रानात जमत नाही. कोणते ४५ हेक्टर, हे पेरणीआधी ठरले तरच लोक तशी पेरणी करतात. जानेवारीत सांगितले तर भांडण.

या सगळ्या हिशेबाचा पाया मुखाशी असलेल्या मोजमापावर आहे. ७ लाख घनमीटर तीन आवर्तनांत, म्हणजे पाणी सोडण्याच्या पाळ्यांत, प्रत्येकी १४ दिवस, म्हणजे सेकंदाला १९३ लिटर, जवळपास ७ क्युसेक. आता ६० सेंटिमीटर रुंद, रुंद माथ्याचे फ्ल्यूम, म्हणजे वाहते पाणी मोजायचे पक्के बांधकाम, आहे असे समजा. सूत्र साधे आहे: विसर्ग घनमीटर प्रति सेकंद म्हणजे १.७ गुणिले रुंदी गुणिले उंचीचा दीड घात. १९३ लिटरला माथ्यावरची उंची येते ३३ सेंटिमीटर. गेज पट्टी १ सेंटिमीटर खाली बसली असेल, तर ती ३३ दाखवते तेव्हा खरी उंची ३२ असते आणि पाणी साडेचार टक्के कमी येते. हंगामाला ३१,५०० घनमीटर. अस्तरीकरणाने जे मिळवले त्याच्या दीडपट पाणी एका सेंटिमीटरच्या चुकीत कागदावरच राहते, आणि संस्था त्याची पाणीपट्टीही भरते.

काटकोनी व्ही नॉचला, म्हणजे इंग्रजी व्हीच्या आकाराच्या खाचेतून पाणी मोजताना, तर ही चूक आणखी बोचते. तिथे उंचीचा अडीच घात येतो. २० सेंटिमीटरला सेकंदाला सुमारे २४.७ लिटर आणि २१ सेंटिमीटरला २७.९ लिटर. एका सेंटिमीटरला १३ टक्के.

गेज चुकते ते तीन कारणांनी. पहिले, पट्टीचा शून्य फ्ल्यूमच्या माथ्याशी जुळवलेला नसतो. रंगकाम करणाऱ्याने तळापासून आकडे टाकलेले असतात. पाणी बंद असताना पारदर्शक नळीत पाणी भरून एक टोक माथ्यावर आणि दुसरे पट्टीवर धरले की पाच मिनिटांत हे कळते. दुसरे कारण, फ्ल्यूमच्या वरच्या बाजूला साचलेला गाळ. तिसरे सर्वांत जास्त आढळते. खालच्या चारीत गवत माजले की पाणी मागे फुगते आणि फ्ल्यूम बुडते. माथ्यापासून मोजलेली खालची पातळी वरच्या पातळीच्या साधारण ८० टक्क्यांपुढे गेली की वाचन भरवशाचे राहत नाही. ते डोळ्यांनीही दिसते. फ्ल्यूममधून बाहेर पडताना पाण्याची ठळक उसळी दिसायला हवी. ती नाहीशी होऊन पाणी सपाट, संथ वाहत असेल तर त्या दिवशीचा आकडा वहीत लिहू नये, आधी खालचे गवत कापावे.

कायद्याने हे सगळे संस्थेच्या बाजूचे आहे. महाराष्ट्र सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन अधिनियम, २००५ नुसार संस्थेला पाणी घनमापन पद्धतीने मोजून द्यायचे असते. संस्था ठोक दराने पाणीपट्टी भरते आणि सभासदांना कोणत्या दराने द्यायचे ते स्वतः ठरवते. ठोक दर महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण ठरवते. नाशिक जिल्ह्यातल्या वाघाड प्रकल्पावर शेतकऱ्यांच्या संस्थांनी प्रकल्पस्तरापर्यंत व्यवस्थापन हाती घेतले, त्यात मोजून घेणे आणि मोजून देणे हाच कणा होता. पण मोजायला लागणारा माणूस, कुलूपबंद दरवाजे, वही, रंग, दर वर्षीचे गवत काढणे, यासाठी अनुदानावर भिस्त ठेवू नये. तो खर्च सभासदांच्या दरात बसवावा लागतो. ज्या संस्था लोकांना आवडावे म्हणून ठोक दराला जेमतेम पुरेल एवढीच आकारणी करतात, त्यांची फ्ल्यूमे तिसऱ्या वर्षी मोडलेली असतात.

आता पैसा कुठे आहे ते पाहू. प्रधानमंत्री कृषी सिंचाई योजना २०१५ मध्ये सुरू झाली आणि १९९६-९७ पासूनचा वेगवर्धित सिंचन लाभ कार्यक्रम तिच्यात आला. त्यातून रखडलेल्या प्रकल्पांना पैसा मिळतो. २०१६-१७ मध्ये देशातले ९९ प्रकल्प प्राधान्याने घेतले गेले, त्यांतले २६ महाराष्ट्रातले होते, आणि नाबार्डमध्ये त्यासाठी दीर्घकालीन सिंचन निधी उभारला गेला. २०१८ च्या बळीराजा जलसंजीवनी योजनेत राज्यातले ८३ लघु आणि ८ मोठे व मध्यम प्रकल्प आले. पाणी वापर संस्थेला या पैशाशी थेट काही करता येत नाही, एवढे खरे. धरण पूर्ण झाले की आपल्या मायनरचा कोटा किती बदलणार, हे लेखी विचारून घ्यावे. पुष्कळदा नवे लाभक्षेत्र जोडले जाते आणि जुन्याला वाढीव काहीच मिळत नाही.

संस्थेच्या कामाचा पैसा लाभक्षेत्र विकासात आहे. एप्रिल २०२५ मध्ये केंद्राने लाभक्षेत्र विकास व जल व्यवस्थापनाच्या आधुनिकीकरणाची योजना मंजूर केली. २०२५-२६ साठी १,६०० कोटी रुपये, प्रायोगिक स्वरूपात. कालव्यापासून दाबाच्या बंदिस्त नलिकेने शेताच्या बांधापर्यंत, १ हेक्टरच्या तुकड्यापर्यंत पाणी न्यायचे, मोजमाप स्वयंचलित ठेवायचे आणि व्यवस्थापन पाणी वापर संस्थेकडे सोपवून पाच वर्षे तिला आधार द्यायचा, अशी रचना आहे. मला ही दिशा योग्य वाटते, कारण मोजणी यात मूळ आराखड्यातच आहे. मात्र दाबाच्या नलिकेला वीज लागते. पंपाचे वीजबिल प्रति घनमीटर किती पडेल आणि ते कोण भरणार, याचा ठराव प्रस्तावाआधी झाला पाहिजे. राज्यातल्या सहकारी उपसा सिंचन योजना वीजबिलाच्या थकबाकीने कशा बंद पडल्या, ते सगळ्यांनी पाहिले आहे. शिवाय पाण्यात गाळ असेल तर मुखाशी गाळ बसवणारी टाकी आणि जाळी हवीच. अंदाजपत्रक कमी करायचे म्हणून हीच दोन कलमे आधी कापली जातात.

ठिबक-तुषारला ‘प्रति थेंब अधिक पीक’मधून अल्प व अत्यल्प भूधारकाला ५५ टक्के आणि इतरांना ४५ टक्के मिळतात. राज्याच्या पूरक अनुदानाने ते अनुक्रमे ८० आणि ७५ टक्क्यांपर्यंत जाते, मर्यादा ५ हेक्टरांची. अर्ज महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर. अनुदान बिलाच्या रकमेवर मिळत नाही, ठरलेल्या मापदंड किमतीवर मिळते, म्हणून प्रत्यक्षात पदरचे २० टक्क्यांहून जास्त जातात. पूर्वसंमती येण्याआधी संच बसवला तर अनुदान अडकते. आराखड्यात दाखवलेले लॅटरलचे, म्हणजे ठिबकच्या नळ्यांचे अंतर आणि शेतातले अंतर जुळले नाही तर मोका तपासणीत अडकते.

ठिबकची तांत्रिक अडचण कालव्याच्या लाभक्षेत्रात वेगळीच आहे. आवर्तन तीन आठवड्यांनी येते आणि ठिबकला पाणी रोज नाहीतर दिवसाआड लागते. पिकाला दिवसाला ४ मिलिमीटर आणि खंड २० दिवसांचा असेल, तर हेक्टरी ८०० घनमीटर साठवण लागते. ३० बाय ३० बाय ३ मीटरचे शेततळे २,१९६ घनमीटरचे असते, म्हणजे गळती-बाष्पीभवन धरून दोन हेक्टरांना पुरते. उन्हाळ्यात दिवसाला ६ मिलिमीटर बाष्पीभवन धरले तर भरलेल्या तळ्यातून रोज ५ घनमीटरहून जास्त पाणी उडते. शंभर दिवसांत जवळपास पाव तळे. म्हणून ते आवर्तनागणिक भरायचे आणि रिकामे करायचे. नोव्हेंबरात भरून मेपर्यंत राखायचे नाही. आणि बोअरने उपसून भरलेले तळे ताळेबंदात जमेच्या बाजूला कधीही लिहू नये. ते पाणी शेजाऱ्याच्या विहिरीतून आलेले असते. अस्तराचा कागद घातलेल्या तळ्यांना अनुदान देताना ही एक अट कडक पाळली, तर भूजलाची पुष्कळ हानी टळेल, असे मला मनापासून वाटते.

ठिबकने पाणी वाचते हेही अर्धेच विधान आहे. वाचलेल्या पाण्यावर शेतकरी आणखी एकरभर ऊस लावतो, आणि उसाला हेक्टरी २० ते २५ हजार घनमीटर पाणी लागते. मग उपसा आहे तिथेच राहतो आणि आधी शेतातून मुरून परत विहिरीत येणारे पाणीही बंद होते. म्हणून वरच्या हिशेबातले ३७ हजार खरे ठरायचे असतील तर ठिबकच्या शिफारशीसोबत संस्थेने वाढीव क्षेत्राची मर्यादा ठरावात घातली पाहिजे.

भूजलासाठी अटल भूजल योजना डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झाली. ६,००० कोटींची, निम्मा वाटा जागतिक बँकेचा, सात राज्यांत. तिचे वेगळेपण म्हणजे कामगिरीवर पैसा: ग्रामपंचायतीचा जल अंदाजपत्रकावर आधारलेला आराखडा, पाणीपातळीच्या खुल्या नोंदी, घट थांबली की प्रोत्साहन. जलयुक्त शिवारातही गावाचा ताळेबंद मांडतात. अडचण अशी की ग्रामपंचायतीची हद्द आणि मायनरचे लाभक्षेत्र जुळत नाही. ग्रामपंचायत चारीतली गळती पुनर्भरण म्हणून जमा धरते, संस्था तीच गळती अस्तरीकरणाने वाचवलेले पाणी म्हणून जमा धरते. एकच पाणी दोन प्रस्तावांत विकले जाते. दोन्ही ताळेबंद एका टेबलावर ठेवून गटनंबरनिहाय जुळवणे, हे काम तलाठी, कृषी सहायक आणि संस्थेचा सचिव मिळून दोन दिवसांत करू शकतात.

दुरुस्तीचा प्रस्ताव संयुक्त पाहणीतून निघतो. ही पाहणी बहुधा कोरड्या चारीवरून चालत होते. तुटलेले दरवाजे, ढासळलेला भराव, फोडलेले विमोचक (शेताकडे पाणी काढायची तोंडे) त्यात दिसतात. खेकड्यांची बिळे आणि मुरूमपट्टीतला पाझर दिसत नाही. म्हणून दुसरी फेरी आवर्तन चालू असताना घ्यावी. विसर्ग सहा-आठ तास स्थिर ठेवायचा, मधले सगळे विमोचक बंद करायचे आणि अर्ध्या अर्ध्या किलोमीटरवर मोजायचे. मुखाशी १९३ आणि दीड किलोमीटरवर १७० लिटर आले तर २३ लिटर वाटेत जाते. त्यातले १५ एकाच २०० मीटरच्या तुकड्यात जात असतील, तर अंदाजपत्रक त्या २०० मीटरांचे करावे. मोजमापाचा हा तक्ता जोडला की साखळी क्रमांक शून्यापासून, म्हणजे मुखापासून, शेवटपर्यंतचे सरसकट अस्तरीकरण मागण्यापेक्षा छोटा प्रस्ताव लवकर मंजूर होण्याची शक्यता असते.

काळ्या मातीत काँक्रीट थेट टाकू नये. माती फुगते, आकसते आणि दुसऱ्या उन्हाळ्यात सांधे उघडतात. खाली न फुगणाऱ्या चिकण मुरमाचा थर अंदाजपत्रकात वेगळे कलम म्हणून दाखवावा आणि काम चालू असताना तो प्रत्यक्ष पडतो का, हे संचालकांनी उभे राहून बघावे. निधी मार्चअखेर सुटतो तेव्हा उन्हाळी आवर्तन तोंडावर असते. दोन आवर्तनांच्या मध्ये घाईने टाकलेले आणि पुरेसे पाणी न मारलेले काँक्रीट टिकत नाही. कार्यारंभ आदेशातच कालवा बंद ठेवण्याच्या तारखा लिहून घ्याव्यात.

वेळापत्रक १५ ऑक्टोबरला धरून बांधावे. रब्बी हंगाम त्या दिवशी सुरू होतो, धरणातला साठा त्या तारखेचा पाहिला जातो आणि त्यावर प्राथमिक सिंचन कार्यक्रम व कालवा सल्लागार समितीची बैठक ठरते. त्याआधी, सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सभासदांकडून पीकनिहाय मागणी गोळा झालेली असावी. साठा कमी असेल तर कोटा त्या प्रमाणात घटतो, म्हणून ताळेबंद १०० टक्के, ८० टक्के आणि ६० टक्के कोट्याचा असा तीनदा मांडून ठेवावा. ६० टक्क्यांच्या तक्त्यात कोणत्या भागाला कोणते पीक घेता येणार नाही, हे टेलच्या संचालकाच्या सहीने आधीच नोंदवलेले असले की आवर्तन पुच्छाकडून, म्हणजे टेलकडून, सुरू करण्यावर फेब्रुवारीत वाद होत नाहीत. सिंचन वर्ष ३० जूनला संपते. जुलैत प्रत्यक्ष विसर्ग, प्रत्यक्ष क्षेत्र आणि निरीक्षण विहिरींच्या पातळ्या त्याच तक्त्यात शेजारच्या रकान्यात भराव्यात, आणि पुढचा प्रस्ताव त्या फरकाच्या रकान्यावरून लिहावा.